जड पाणी, गोडे पाणी : पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील एक इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट आणि त्याची हरवलेली किल्ली, अशी तेव्हा स्थिती होती. तरीही एके दिवशी त्यांनी वर्गात काचेच्या दोन नळ्या आणल्या. एकीत पागोळीचे, म्हणजे पावसाचे पाणी होते. दुसरीत आवारातल्या विहिरीचे. दोहोंत कपड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून त्यांनी त्या हलविल्या. पहिलीत बोटभर फेस उभा राहिला. दुसरीत दह्यासारखा साका धरला आणि तळाशी बसला. पुस्तकात यास ‘दुष्फेन’ जल म्हणतात, तुमच्या घरी ‘जड’ पाणी म्हणतात, एवढे सांगून ते थांबले. वर्गातून कोणी विचारले, ‘मग हे पाणी वाईट का, गुरुजी?’ ते म्हणाले, ‘साबणासाठी वाईट. तुझ्यासाठी वाईट की नाही, हे साबण सांगू शकत नाही.’

ते वाक्य त्या वेळी आम्ही वहीत उतरविले नाही. आजचे सारे व्याख्यान त्या एका वाक्याभोवती आहे, म्हणून आरंभीच ते सांगितले.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहिताना लेखक सहसा राजकीय वळणे सांगतात. १८७२ मध्ये सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा झाला, त्यात एदलाबाद, राजुरा व सिरपूर हे तालुके होते. १९०५ मध्ये त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत राजुरा आणि किनवटचा भाग पलीकडे गेला, मुधोळ तालुका नांदेडमधून अलीकडे आला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. यांपैकी प्रत्येक वळणाने आपल्या दाखल्यावरचे नाव बदलले. विहिरीतल्या पाण्याची चव मात्र यांपैकी एकाही फर्मानाने बदलली नाही. तिचा हुकूम फार जुन्या ठिकाणाहून निघालेला आहे.

आपल्या पायांखाली तीन-चार प्रकारचे खडक शेजारी शेजारी नांदतात. उटनूरकडील पठारावर काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. निर्मलच्या बाजूस त्याहून कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट व त्याच्या जातीचे खडक उघडे पडतात. पूर्वेला बेल्लमपल्ली, मंदमर्रीच्या पट्ट्यात कोळसा धारण करणारे वालुकाश्म आहेत. आणि पैनगंगेच्या काठाने, वणी-केळापूरकडून आदिलाबाद ओलांडून राजुरा-कोरपनाकडे, चुनखडी व शेलचा एक पट्टा जातो. भूशास्त्रज्ञांनी त्याला नावच पैनगंगेचे दिले आहे. एका पुरातन समुद्राच्या तळाशी बसलेला हा गाळ आहे. याच चुनखडीच्या भरवशावर आदिलाबादेत सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला आणि पुढे बंद पडला. देवापूरचे आणि पलीकडे गडचांदूर-आवारपूरचे कारखानेही चुनखडीवरच चालतात. कारखान्याच्या भट्टीत जी चुनखडी जाते, तीच पावसाच्या पाण्यात कणाकणाने विरघळून आपल्या हंड्यात येते. एवढाच काय तो फरक, की हंड्यात येताना तिला कोणी भाव विचारीत नाही.

विरघळण्याची क्रिया साधी आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांनी सोडलेला कर्बवायू शोषून किंचित आम्ल होते, आणि असे पाणी चुनखडीला झिजवते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम उतरतात. काळ्या पाषाणातूनही ती दोन्ही येतात, पण सावकाश. पाणी उकळले म्हणजे कर्बवायू निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. आंघोळीच्या बंबाच्या आत जी पांढरी खपली जमते, जी दिवाळीपूर्वी छिन्नीने ठोकून काढावी लागते, ती म्हणजे चुनखडीचे पुनर्जन्म घेतलेले रूपच होय. ज्याचा जडपणा असा उकळण्याने जातो त्याला तात्पुरता म्हणतात. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला जडपणा उकळून जात नाही.

या जडपणाचे मोजमाप करण्याची रीत युरोपात साबणापासूनच सुरू झाली. ॲबर्डीनच्या मारिशाल कॉलेजातील रसायनाचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पाण्यात चुन्याची निवळी घालून ते मऊ करण्याचे पेटंट घेतले. चुना काढण्यासाठी चुनाच घालावयाचा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला थट्टेची वाटते. पण रसायन बरोबर आहे. किती साबण खर्ची पडला की फेस टिकतो, यावरून जडपणाचे अंश ठरवीत, आणि त्या अंशांना क्लार्कचे नाव होते. वाफेच्या इंजिनांमुळे या विद्येला पैशाचे बळ मिळाले. बॉयलरमध्ये थर बसला की कोळसा जास्त जळतो आणि नळ्या फुटतात, म्हणून रेल्वेला पाण्याची फार काळजी. आपल्या मुलुखातील पाण्याच्या जडपणाची चौकशी माणसांआधी यंत्रांसाठी झाली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. पुढे १९४५-४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडचे श्वार्झनबाख यांनी ईडीटीए या द्रव्याने मोजण्याची अचूक पद्धत दिली. आज कोणत्याही महाविद्यालयात विद्यार्थी लाल रंगाचा निळा होताना पाहतो, ती हीच.

आपल्या घरांत मात्र याहून जुनी कसोटी होती : तुरीची डाळ. ज्या विहिरीच्या पाण्यात वरण लवकर शिजते ती विहीर चांगली, आणि जिच्या पाण्यात दाणा दाणा वेगळा राहतो ती खराब. नव्या सुनेला घरातल्या चालीरीतींच्या आधी कोणत्या विहिरीचे पाणी स्वयंपाकाला आणि कोणत्या विहिरीचे धुण्याला, हे सांगितले जाई. या कसोटीत रसायन खरे आहे. डाळीच्या पेशींना सांधणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. कॅल्शियम त्याला धरून बसते आणि सांधा सुटू देत नाही. उलट पाण्यात सोड्याचा अंश असला की तो सांधा झटकन सैल होतो. म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा. ही युक्ती कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही. ती चुलीपाशी सापडली. बायकांच्या या ज्ञानाची नोंद कोणत्याही गॅझेटियरने नीट घेतलेली नाही, याचे मला नेहमी वैषम्य वाटते.

आता त्या काळाकडे वळू, जेव्हा आपल्याकडे नळ तर नव्हतेच, पण बोअरही नव्हते. डोंगरातील गोंड आणि कोलाम वस्त्या ओढ्यावर जगत. उन्हाळ्यात ओढा आटला की वाळूत हात-दीड हात उकरून झिरा काढावयाचा, आणि वाटीने पाणी भरावयाचे. वाळूतून गाळून आलेले ते पाणी बहुधा मऊ आणि चवीला गोड असे. मैदानातील काळ्या मातीच्या गावांत विहिरी होत्या, आणि जेथे तळे होते तेथे तळे. पाण्याविषयीचा आदर किती खोल होता, हे पाहावयाचे असेल तर केसलापूरच्या नागोबाची यात्रा पाहावी. मेस्राम कुळाचे लोक जन्नारमजवळील कलमडुगूच्या बाजूस, हस्तिनमडुगू येथे पायी जातात, गोदावरीचे जल झारीत भरतात आणि पुष्य महिन्याच्या अमावास्येला त्याने देवाला स्नान घालतात. विहिरी, ओढे वाटेत कितीतरी लागतात. देवासाठी मात्र पाणी गोदावरीचेच आणले जाते. १९४० मध्ये जोडेघाट येथे मारल्या गेलेल्या कुमरम भीम यांच्या नावाशी निगडित झालेल्या ‘जल, जंगल, जमीन’ या तीन शब्दांतही पहिला शब्द जल आहे. त्या उठावानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठविले. ते मारलवाईस राहिले आणि १९४८ मध्ये त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ निघाला. ज्यांना तो काळ समजून घ्यावयाचा आहे त्यांनी तो वाचावा.

पण त्या जुन्या पाण्याची फार स्तुती करण्याचे कारण नाही. जे पाणी जिभेला गोड होते तेच पटकी, हगवण आणि नारू घेऊन येत असे. नारू म्हणजे काय हे आज येथे बसलेल्या तरुण मंडळींना सांगावे लागेल, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पायाच्या फोडातून हातभर लांबीचा जंतू बाहेर येई, तो काडीला गुंडाळून दररोज थोडाथोडा ओढावा लागे. पायऱ्यांच्या विहिरीत रुग्णाने पाय बुडविला की जंतूची पिल्ले पाण्यात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात. देशातील ज्या राज्यांत हा रोग होता त्यांत आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होती. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. पाणी गाळणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, ही या विजयाची मुख्य साधने होती.

चव ही किती फसवी साक्षीदार आहे, याचे एक उदाहरण लंडनचे आहे. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यामुळे पटकीची साथ पसरल्याचे जॉन स्नो यांनी दाखविले. हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा त्या रस्त्यापासून दूर राहात असूनही दगावली. चौकशीअंती कळले की त्या पंपाच्या पाण्याची चव तिला आवडे, म्हणून ते तिच्याकडे रोज मुद्दाम नेले जाई.

आपल्याकडे या रोगराईवर उपाय म्हणून जमिनीच्या पोटातले पाणी आले, आणि त्याच्या इतिहासात मराठी मुलुखाचा वाटा मोठा आहे. सत्तरच्या दशकातील अवर्षणांत कठीण पाषाण फोडणारी यंत्रे गावोगाव फिरली. परंतु बसविलेले बिडाचे हातपंप महिन्याभरात मोडत. घरगुती वापरासाठी घडविलेला पंप साऱ्या गावाच्या हातांना कसा पुरावा? जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत टिकाऊ पोलादी पंप तयार झाले होते. त्यांच्याच धर्तीवर, विशेषतः सोलापूरच्या नमुन्यावरून, युनिसेफच्या साहाय्याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क दोन’ हा हापसा सिद्ध झाला, आणि पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला. आपल्या कित्येक शाळांच्या आवारांत तोच उभा आहे. दर अडीचशे माणसांमागे एक हापसा, माणशी दररोज ४० लिटर पाणी, हा सरकारी हिशेब त्या काळातला.

हापशाने पटकी हटविण्यास मदत केली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण झिऱ्याचे पाणी काही दिवस वाळूत राहिलेले असते, तर दोनशे फुटांवरचे पाणी खडकात वर्षानुवर्षे मुरलेले असते. जितका सहवास अधिक तितका खडकाचा गुण अधिक. गावोगाव तक्रार सुरू झाली, की पाणी आले पण जड आले : डाळ शिजेना, केस राठ झाले, कपडे पिवळे पडले. आणि त्याबरोबरच मुतखड्याचा आळ या पाण्यावर आला. तो आळ आजतागायत सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. उलट १९५७ मध्ये जपानचे कोबायाशी यांनी नद्यांच्या पाण्याचा आणि पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचा संबंध मांडल्यापासून, जड पाणी हृदयाला कदाचित हितकरच असावे काय, अशी चर्चा शास्त्रज्ञांत चालत आली आहे. आपल्या देशाच्या मानकांत जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. ६०० च्या पाण्यात भांडी पांढरी पडतील, चव नकोशी होईल. पण तेवढ्यानेच माणूस आजारी पडतो असे कोणी दाखवून दिलेले नाही.

मित्रहो, आता मी या व्याख्यानाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि येथे आपण विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

१९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विचित्र रोगाची नोंद केली. माणसांचे कणे ताठ झाले होते, सांधे वाकत नव्हते, मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. कारण निघाले पाण्यातील फ्लोराइड. १९५५ मध्ये, म्हणजे हैदराबाद राज्याच्या शेवटच्या दिवसांत, ए. एच. सिद्दीकी यांनी नलगोंडा जिल्ह्यातील याच रोगाविषयी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. नलगोंड्याचे नाव त्यानंतर जगभर झाले. नागपूरच्या नीरी या संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांनी फ्लोराइड काढण्याची जी पद्धत बसविली, तिलाही नलगोंड्याचेच नाव आहे. परंतु फ्लोराइड नलगोंड्याच्या वेशीवर थांबत नाही. राज्यसीमेच्या पलीकडे यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात त्याचे गाववार अहवाल आहेत. अलीकडेही सर्व विहिरी निर्दोष आहेत असे मानण्यास आधार नाही.

आता कॅल्शियम आणि फ्लोराइड यांचे नाते पाहा. दोघे एकत्र आले की त्यांचे न विरघळणारे संयुग होऊन ते खाली बसते. म्हणून ज्या पाण्यात कॅल्शियम पुष्कळ, तेथे फ्लोराइडला फार चढता येत नाही. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त, तेथे त्याला मोकळे रान मिळते. हा अटळ नियम नव्हे, कल आहे. त्याला अपवाद सापडतात. परंतु या कलाचा अर्थ आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत केला तर अंगावर काटा येतो. जे पाणी साबणाला भरपूर फेस देते, ज्यात डाळ झटकन शिजते, जे जिभेला मऊ लागते, ज्या हापशावर पहाटे रांग लागते, त्याच पाण्यात ते विष असण्याचा संभव अधिक. आणि ज्या जड विहिरीला आपण नाके मुरडली, तिने कदाचित आपल्या मुलांचे दात राखले. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवून, गाळून, माठात ठेवून काही उपयोग नाही. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. म्हणजे हंडाभर पाण्यात मोहरीच्या काही दाण्यांइतकेच. गुरुजींचे ते वाक्य मला पुरते कळले ते हे वाचल्यावर.

सरकारी दफ्तराचीही यात एक गंमत आहे. गावागावांच्या रासायनिक दोषांच्या याद्या होऊ लागल्या तेव्हा त्यांत फ्लोराइड, लोह, खारटपणा, पुढे आर्सेनिक व नायट्रेट हे स्तंभ होते. जडपणाला स्तंभ नव्हता. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच. पण ज्या बाईला रोज दुप्पट लाकूडफाटा जाळावा लागतो, तिचे गाऱ्हाणे यादीत नाही आणि ज्याचा तिला पत्ताच नाही तो दोष यादीत आहे, अशा स्थितीत ती सरकारी यादीवर विश्वास कशाला ठेवील? लाल रंग मारलेल्या हापशावरून लोक बिनदिक्कत पाणी नेताना मी पाहिले आहेत. विचारले तर उत्तर, ‘याचेच तर वरण चांगले होते.’ त्या लाल रंगाचा अर्थ सांगावयास कोणी आलेच नव्हते.

तिसरा अध्याय नळाचा. पंडित नेहरूंनी २६ जुलै १९६३ रोजी पोचमपाड येथे ज्या धरणाची पायाभरणी केली ते आज श्रीरामसागर म्हणून ओळखले जाते. ऑगस्ट २०१६ मध्ये गजवेलजवळ मिशन भगीरथचे उद्घाटन झाले, आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्याला श्रीरामसागर, कडेम व आडा येथील कोमरम भीम प्रकल्प यांतून शुद्ध केलेले पाणी नळाने देण्याची योजना आखली गेली. ग्रामीण भागात माणशी दररोज १०० लिटर. म्हणजे नाशिकला उगम पावून, पैठण आणि नांदेड ओलांडून आलेली गोदावरी आता देवापुरतीच नव्हे, घरोघरी येऊ लागली. बाभळीच्या बंधाऱ्यावरून दोन राज्यांत झालेला वाद, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला, तो म्हणूनच आपल्या दृष्टीने दोन सरकारांचा वाद नाही; नांदेडला राहणारा भाऊ आणि निर्मलला दिलेली बहीण यांच्या घागरींमधला आहे.

नदीचे हे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा सामान्यतः मऊ, आणि फ्लोराइडच्या दृष्टीने निर्धास्त. तरीही लोक कुरकुरतात. जड पाण्यावर वाढलेल्या जिभेला ते फिके लागते, आणि क्लोरीनचा वास येतो. कोठे नळी फुटते, कोठे वीज नसते, दोन दिवस पाणी येत नाही. की लोक परत हापशाकडे किंवा वीस लिटरच्या जारकडे वळतात. जारच्या पाण्याविषयी एकच सांगतो. ते यंत्र क्षार काढून टाकते, त्यात फ्लोराइडही पुष्कळसे जाते, हे खरे. पण त्यासाठी बरेचसे पाणी गटारात सोडावे लागते आणि उरलेल्या पाण्यातून उपयोगी क्षारही निघून जातात. लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी ही यंत्रे वापरण्यावर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये दिला होता. नळाला चांगले पाणी येत असता चवीसाठी जार विकत घेणे म्हणजे हॅम्पस्टेडच्या त्या वृद्धेचीच चूक, फक्त आपल्या खिशाला परवडेल इतकी सौम्य.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज गावोगावी शिक्षक आहेत, ग्रामपंचायतींत आहेत, काही जणी आरोग्यसेविका आहेत. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणीतपासणीचे शिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी लहानशी पेटी मिळते. फ्लोराइडच्या तपासणीत थेंब टाकावयाचे, रंग पाहावयाचा आणि तक्त्याशी जुळवावयाचा. आमच्या वर्गातल्या त्या दोन नळ्यांपेक्षा अवघड काही नाही. माझी सूचना एवढीच आहे, की आपल्या शाळेच्या परिसरातील प्रत्येक विहिरीची आणि हापशाची एक वही शाळेने ठेवावी. तीत खडक कोणता, खोली किती, डाळ शिजते की नाही हे घरातल्या आजीला विचारून लिहावे, आणि शेजारच्या रकान्यात पेटीने दिलेला फ्लोराइडचा आकडा. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. मुलांच्या दातांची पाहणी आरोग्यसेविकेकडून करवून तीही तेथेच नोंदवावी. कारण पक्क्या दातांवरील डाग पडतात ते दात हिरडीत घडत असतानाच्या पाण्यामुळे, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाचे दात आपल्याला त्याच्या पाळण्यापासूनचा वृत्तांत सांगतात.

अशा वहीसाठी आवारातल्या त्या जुन्या विहिरीचे पाणी मी आज सकाळी बाटलीत भरून आणले आहे. बाटली टेबलावर आहे. व्याख्यानानंतर आठवीच्या मुलींनी ते तपासावे, आणि पहिल्या पानावर पहिली ओळ त्यांनीच लिहावी.